स्विफ्टला सतरा इंची चाकं बसवू का?

पत्र: काका, मी भांडुपला राहतो, वय २८. गेल्या दिवाळीत २०१९ची स्विफ्ट व्हीएक्सआय सेकंडहँड घेतली. आमच्या घरातली ही पहिली गाडी. तिला १४ इंची पत्र्याची चाकं आहेत, टायर १६५/८० आर१४. एक व्हील कॅप कुठेतरी पडली, तेव्हापासून चाकं फारच केविलवाणी दिसतात. कुर्ल्याला सीएसटी रोडवर एका दुकानदाराने १७ इंची मॅग व्हील (अ‍ॅलॉयची चाकं) दाखवली, वर एका एसयूव्हीचे काढलेले २१५/५५ आर१७ टायर. सगळा सेट ४५ हजारांत. गाडी उंच होईल, खड्डे जाणवणार नाहीत, पावसात हिंदमाताला तुंबणाऱ्या पाण्यातूनही आरामात निघेल, असं तो म्हणतो. ‘थोडं लायनर (चाकावरच्या कमानीतलं प्लास्टिक) कापू, स्पेसर टाकू, बसून जाईल.’ आईला पाठीचं दुखणं आहे, दर पंधरा दिवसांनी परळला न्यावं लागतं, म्हणून खड्ड्यांचं ऐकून मी तयार झालो. पोलिसांचा किंवा इन्शुरन्सचा काही त्रास होईल का? हजार रुपये टोकन दिलंय. घरी अजून बोललेलो नाही, म्हणून नाव छापू नका.

उत्तर:

आधी टोकनचं सांगतो. ते हजार रुपये परत मिळाले तर उत्तम, बुडाले तर बुडू देत. हा सेट घेऊ नकोस.

तुझ्या हौसेला मी नाही म्हणत नाहीये, हे मात्र लक्षात घे. घरातली पहिली गाडी आहे, ती नजरेत भरावी असं वाटणारच. अलाइनमेंटच्या पिटमध्ये उभं राहून मी अर्धं आयुष्य गाड्यांची चाकं खालून बघितली आहेत, आणि पहिली गाडी घेतलेल्या माणसाचा चेहरा लगेच ओळखू येतो. चाकं बदल, जरूर बदल. फक्त कुठली, हे नीट ठरवू.

टायरच्या अंगावरचे आकडे एकदा समजले की कुठलाही दुकानदार तुला फिरवू शकणार नाही. तुझा टायर १६५/८० आर१४. १६५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे त्या रुंदीच्या ८० टक्के उंचीची टायरची भिंत, ज्याला साइडवॉल म्हणतात. ती झाली १३२ मिलिमीटर. १४ हा रिमचा व्यास, इंचांत, मिलिमीटरमध्ये ३५५.६. भिंत वर एक आणि खाली एक, म्हणून ३५५.६ मध्ये दोनदा १३२ मिळव. पूर्ण चाकाची उंची आली ६१९.६ मिलिमीटर. तुझ्या गाडीचा गिअरबॉक्स, स्पीडोमीटर, एबीएस (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा), चाकावरच्या कमानीतली जागा, सगळं या आकड्याभोवती बेतलेलं आहे.

आता तुला दाखवलेला टायर घे. २१५चे ५५ टक्के म्हणजे ११८.२५. सतरा इंच म्हणजे ४३१.८. बेरीज ६६८.३. तुझ्या चाकापेक्षा हे चाक जवळजवळ ४९ मिलिमीटरने उंच, टक्क्यांत ७.९. आमच्या धंद्यात पूर्ण चाकाची उंची मूळ चाकापेक्षा ३ टक्क्यांच्या आत ठेवायची असा दंडक आहे. हे चाक त्याच्या अडीचपट पलीकडे जातं. म्हणूनच त्याला लायनर कापावं लागतंय. चाक बसवायला गाडी कापावी लागत असेल तर ते चाक त्या गाडीचं नाही.

कापून बसवलंच, तर पुढे काय? काट्यावर ८० दिसत असेल तेव्हा मूळ हिशोबापेक्षा सुमारे ८ टक्के जास्त वेग असेल, म्हणजे ८६च्या आसपास. कंपनीचा काटा मुळात किंचित जास्त दाखवतो, त्यामुळे एक-दोन टक्क्यांचा फरक त्यात जिरून जातो. आठ टक्के जिरत नाहीत. कोस्टल रोडच्या सरळ भागावर ८०ची मर्यादा आहे. कॅमेरा तुझा काटा बघत नाही, गाडीचा वेग बघतो. किलोमीटरही कमी मोजले जातील: मीटरवर १०,००० दिसतील तेव्हा गाडी १०,७८०च्या वर धावलेली असेल, आणि ऑइल बदलायला तितका उशीर होईल. चाक मोठं म्हणजे प्रत्येक गिअर लांबला. एलबीएस (लाल बहादूर शास्त्री) मार्गाला मेट्रोच्या पत्र्यांशेजारून पहिल्या-दुसऱ्यात रांगत जायचं असतं, तिथे क्लच जास्त दाबून धरावा लागेल. बोरघाट चढताना तर गाडी चौथ्यात तग धरणार नाही.

स्पेसरबद्दलही ऐक. स्पेसर म्हणजे हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि चाक यांच्यामध्ये घालायची चकती. तो चाकाला हबपासून बाहेर ढकलतो. चाक जितकं बाहेर, तितका बेअरिंगवर जास्त ताण. पाना लांब असला की नट सहज सुटतो ना, तसंच. फक्त इथे त्या लांबीचा जोर बेअरिंगवर पडतो. वर्षभरात घूं घूं आवाज सुरू होतो, आणि दुकानदार म्हणतो, जुनी गाडी आहे, व्हायचंच.

आता तुझ्या मनातल्या मूळ गोष्टीकडे येतो: खड्डे आणि आईची पाठ.

मोठ्या चाकाने खड्डे जाणवत नाहीत, हे अर्धंच खरं आहे. पूर्ण चाक मोठं असेल तर ते खड्ड्यात कमी उतरतं, हे बरोबर. पण तुला ते मिळतच नाहीये. तुझ्या गाडीला न कापता, घासल्याशिवाय बसेल असा सतरा इंची टायर २०५/४५ आर१७. त्याची पूर्ण उंची काढून बघ: ६१६.३. आत्ताच्या चाकापेक्षा उलट तीन मिलिमीटरने कमी! रिम वाढला, पण चाक वाढलं नाही. वाढलेल्या लोखंडाच्या किंवा अ‍ॅलॉयच्या भागाला रबरानेच जागा सोडून दिलीय. १३२ची भिंत ९२वर आली. खड्ड्याचा धक्का आईच्या पाठीपर्यंत पोचण्याआधी जो पहिला मऊ पदार्थ मध्ये येतो, तो ४० मिलिमीटरने कमी झाला. स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्झॉर्बर त्यानंतर येतात.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. जुलै महिना, रात्री साडेअकराला पुतण्याचा फोन आला. चेंबूरजवळ गाडी बंद. त्याच्या छोट्या गाडीला १७ इंची चाकं होती, ४५च्या भिंतीची. मी हौसेने बघितली होती, नको म्हणालो नव्हतो, याचं आजही वाईट वाटतं. रस्त्यावर वीतभर पाणी, त्याखाली कडेला उखडलेला पेव्हर ब्लॉकचा पट्टा. डावीकडचं पुढचं चाक त्या कडेवर आपटलं, आणि अर्ध्या सेकंदाने मागचंही तिथेच. टॉर्च मारून बघितलं. पुढच्या टायरच्या भिंतीला दोन चिरा, एक रिमलगत, एक त्याच्याखाली बोटभर अंतरावर, समोरासमोर. साप चावल्यासारख्या खुणा. खड्ड्याची कड आणि रिम यांच्यामध्ये रबर चिमटलं की नेमक्या अशाच पडतात. रिमची कड पातेल्याचा काठ चेपतो तशी आत गेलेली. मागच्या रिमला बेंड आला होता आणि हवा फुस्स करत जात होती. स्टेपनी एकच, तीही १४ इंची. दोन चाकं गेलेली, एक स्टेपनी, गाडीत बायको आणि चार वर्षांची मुलगी, बाहेर धो धो पाऊस. पहाटे तीनला टोइंगवाला आला.

उंच भिंतीच्या टायरला असा खड्डा लागला तर बहुतेक वेळा रबर दबतं आणि परत फुगतं, एवढंच. बुटक्या भिंतीला दबायला जागाच नसते. चीर पडली नाही तरी आतले धागे तुटतात, आणि आठ-दहा दिवसांनी भिंतीवर फुगा दिसायला लागतो. त्या फुग्याला पॅच नाही, उपाय नाही, टायर फेकायचा. अ‍ॅलॉय रिम पत्र्यासारखा वाकून थांबत नाही, कधी कधी त्याला तडा जातो. पत्र्याचा बेंड निघतो. तडा गेलेलं अ‍ॅलॉय वेल्डिंग करून देणारे भेटतील, पण माझ्या घरच्या गाडीला मी ते कधी लावलं नसतं.

तुझा रस्ता बघ. भांडुपहून परळला एलबीएसने ये किंवा पूर्व द्रुतगती मार्गाने, नवं काँक्रीट आणि जुनं डांबर जिथे भेटतात तिथे पायरी असते, गटाराची झाकणं कुठे खाली तर कुठे वर असतात. आईला घेऊन महिन्यातून दोनदा इथून जायचंय. रबर हीच तुझी संपत्ती आहे, ती दुकानदाराला परत देऊ नकोस.

हिंदमाताचं पाणी. चाकाची उंची ४९ मिलिमीटरने वाढली तरी गाडी त्याच्या निम्म्यानेच वर येते, म्हणजे २४ मिलिमीटर. एक इंचसुद्धा नाही. २४ मिलिमीटरच्या भरवशावर कोणी पाणी तुंबलेल्या मिलन सबवेत गाडी घातली तर इंजिन हवेऐवजी पाणी ओढतं, पाणी दबत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. तो खर्च ४५ हजारांच्या कितीतरी पुढे जातो. बंपरच्या खालच्या कडेला पाणी लागतंय असं दिसलं की मागे फिर, चाक कितीही मोठं असो. शिवाय रुंद टायर साचलेल्या पाण्यावर अरुंद टायरपेक्षा लवकर तरंगतो. तुझा १६५चा टायर पाणी कापत जातो. २१५चा, त्यातही अर्धी नक्षी झिजलेला, त्याच पाण्यावर होडीसारखा चढतो, आणि तेवढा वेळ स्टिअरिंग आणि ब्रेक तुझं ऐकत नाहीत.

एसयूव्हीचे काढलेले टायर म्हणालास. टायरच्या भिंतीवर ‘डीओटी’ या अक्षरांनंतर शेवटी चार आकडे एका छोट्या चौकटीत असतात. २३१८ असेल तर २०१८ सालातला तेविसावा आठवडा. नक्षी कितीही छान दिसो, पाच-सहा वर्षांपूर्वीचं रबर कडक झालेलं असतं आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडतं. नक्षीच्या खोबणीत मध्ये मध्ये छोटे उंचवटे असतात, ती १.६ मिलिमीटरची खूण. कायद्याने टायर तिथपर्यंत चालतो. मुंबईच्या पावसात मी ३ मिलिमीटरलाच बदलायला सांगतो.

मग काय घ्यायचं?

तुझ्याच गाडीचं वरचं मॉडेल, झेडएक्सआय, कंपनीतून १८५/६५ आर१५ वर येतं. हिशोब कर: भिंत १२० मिलिमीटर, पूर्ण उंची ६२१.५. मूळ चाकापासून दोन मिलिमीटरचा फरक. काही कापायचं नाही, स्पेसर नाही, काटा बरोबर, आणि टायर २० मिलिमीटरने रुंद झाल्यामुळे ब्रेकला पकडही थोडी वाढते. १५ इंची अ‍ॅलॉय तुझ्या गाडीवर भरलेलं दिसतं, हे मी खात्रीने सांगतो. आणि एक फायदा असा की मोठी चाकं घालणारी हौशी मंडळी कंपनीची ही १५ इंची अ‍ॅलॉय काढून विकतात. तशी मिळाली तर रिम फिरवून आतली कड बघ, बोट फिरवून तडा शोध, बॅलन्सिंगच्या मशीनवर चढवून डुलतं का ते बघ. रिमचा पैसा इथे वाचव आणि टायर मात्र चारही नवे घे, आयएसआय मार्क असलेले, डीओटीचे आकडे बघून.

फारच मोह झाला तर १९५/५५ आर१६ ही शेवटची पायरी. बलेनोच्या वरच्या मॉडेलला हीच साइझ येते, पूर्ण उंची ६२०.९. पण भिंत १०७वर येते, म्हणजे आत्तापेक्षा २५ मिलिमीटरने कमी. आईचा विचार करून मी तुला १५वरच थांबायला सांगेन.

दुकानात तीन गोष्टी स्वतः विचार. चार होलांपैकी समोरासमोरच्या दोघांच्या मध्यांतलं अंतर १०० मिलिमीटर हवं, म्हणजे ४ बाय १००. रिमच्या मधलं भोक तुझ्या हबपेक्षा मोठं असेल तर मध्ये हब रिंग लागते, नाहीतर ८०च्या वर स्टिअरिंग थरथरतं आणि पोरं उगाच बॅलन्सिंग करत बसतात. आणि टायरवरचा लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा कमी नको. तुझ्या १६५/८०वर ८५ असेल, म्हणजे एका टायरला ५१५ किलो. १८५/६५ आर१५ वर साधारण ८८ येतो, म्हणजे ५६० किलो. हे बरोबर आहे. बुटक्या टायरमध्ये ८४चे सुद्धा मिळतात, ५०० किलोचे, ते घेऊ नकोस. अ‍ॅलॉय आहे म्हणजे हलकंच असणार असं समजू नकोस. दुकानातल्या वजनकाट्यावर पत्र्याचं चाक आणि अ‍ॅलॉयचं चाक दोन्ही टायरसकट ठेवायला सांग. जड निघालं तर तेच वजन रोज फिरवायचंय आणि रोज थांबवायचंय.

कायदा. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ नोंदीत बसणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच उचलून धरलं. २०१९च्या दुरुस्तीनंतर गाडीमालकाने असा बदल केला तर कलम १८२ए खाली प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. लायनर कापून, स्पेसर टाकून कमानीबाहेर आलेलं चाक रस्त्यावर लांबूनही ओळखू येतं. कंपनीने त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला दिलेल्या साइझवर असा वाद उभा राहायला जागा उरत नाही, हेही १५ इंचाच्या बाजूने.

इन्शुरन्स कंपनीला अ‍ॅलॉय बसवल्याचं लेखी कळव, जीएसटीचं पक्कं बिल ठेव. नोंद केली नाहीस तर अपघातानंतर त्या चाकांचे पैसे मागता येणार नाहीत. आणि हे बहुतेकांना माहीत नसतं: साध्या पॉलिसीत फक्त टायर फुटला तर काहीच मिळत नाही. गाडीचंही नुकसान झालं असेल तरच टायरचा विचार होतो, तोही बदलायच्या खर्चाच्या निम्म्यापर्यंत. म्हणजे खड्ड्यातला प्रत्येक १७ इंची टायर तुझ्याच खिशातून जाणार.

४५ हजारांचं बजेट होतं ना? १५ इंची सेटनंतर त्यातून पैसे उरतील. ते सस्पेन्शनकडे वळव. २०१९ची गाडी आहे, पहिल्या मालकाने कशी वापरली कोणास ठाऊक. छोट्या स्पीडब्रेकरवर पुढून खट खट येतं का? बहुधा लिंक रॉड. ब्रेक मारल्यावर कट् असा एकच आवाज? लोअर आर्मचे बुश. बंपरचा कोपरा जोरात दाबून सोड. गाडी एकदा वर येऊन थांबली तर शॉक अ‍ॅब्झॉर्बर ठीक, दोन-तीनदा डुलत राहिली तर तो संपला. आईला बसणारे धक्के चाक लहान असल्यामुळे आहेत असं तुला वाटतंय. माझा अंदाज असा की निम्मे इथून येत असतील. चाकांचा खर्च करण्याआधी हे बघून घे, क्रम उलटा करू नकोस.

नवी चाकं बसली की दुकानातून निघण्याआधी एक काम कर. घरून कणकेचा लिंबाएवढा गोळा प्लास्टिकमध्ये गुंडाळून ने. पुढच्या चाकाच्या मागच्या बाजूला, लायनर चाकाला सगळ्यात जवळ येतं तिथे तो चिकटव. गाडीत चार माणसं बसव, दुकानातली पोरं बसतील. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरव, गाडी हळू पुढे-मागे घे, एखाद्या छोट्या उंचवट्यावरून ने. नंतर गोळा काढून बघ. त्यावर टायरच्या नक्षीचा ठसा उमटला असेल तर चाक घासणार. तिथेच परत कर. १८५/६५ला उमटणार नाही, पण स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं बरं.

नट हाताने लाव म्हणून सांग, शेवटचं आवळणं टॉर्क रेंचने, मालकाच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्यावर. गनने घर्र करून आवळलेला नट रस्त्यात पंक्चर झाल्यावर तुझ्या हाताने सुटत नाही. शंभर किलोमीटर झाले की एकदा परत तपासून घे. अ‍ॅलॉयवर नट सुरुवातीला थोडे सैल होऊ शकतात. अलाइनमेंट करून घे. जुनी १४ इंची स्टेपनी चालेल, तिची उंची नव्या चाकाएवढीच आहे, पण तिचे नट अ‍ॅलॉयच्या नटांपेक्षा वेगळ्या आकाराचे असतील तर तो जुना संच डिकीत ठेव.

हवेचा आकडा नव्या साइझचा हवा, झेडएक्सआयच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवरचा. सकाळी गाडी थंड असताना भर. परळच्या फेरीला आईला मागे बसवत असशील तर पुढे बसव, पाठीमागे टॉवेलची गुंडाळी दे. मागची सीट मागच्या चाकांजवळ असते, धक्का तिथे जास्त लागतो. टोकन परत मागायला उद्याच जा, पावती घेऊन जा.